ज्याचा लागला त्यानं सांगायचं

कॉलिननं एकदम हात वर केला आणि पळता पळता थांबला. त्याच्यापुढं बर्फावर तो दगड झकास सरकत चालला होता. यानं काय करावं, तर पायानं तो दगड अडवला आणि ढकलून पट्टीच्या बाहेर काढला. समोरच्या संघाच्या कप्तानानं नुसती मान हलवली. कुणी ओरडलं नाही, कुणी भांडलं नाही. थोड्या वेळानं सगळ्यांनी एकमेकांचे हात हातात घेतले, आणि कॉलिनचा संघ हरून बाहेर पडला.

"काय झालं गं?" मी वृषालीला विचारलं.

"त्याचा झाडू दगडाला लागला. लागला की तो दगड बाद."

"मला तर लागलेला दिसला नाही."

"कुणालाच दिसला नाही, आई. त्यानं स्वतः सांगितलं."

माझ्या मनात तिथंच पाल चुकचुकली.

आता मी कोण आणि मला पाल चुकचुकायचं कारण काय, ते सांगते. मी एसटीत वाहक होते, विटा आगारात. आमचे मालक ड्रायव्हर होते. ते अचानक गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. वृषाली तेव्हा शाळेत होती. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत माझं आयुष्य लोकांचे हात बघण्यात गेलं. तोंड बघून काही कळत नाही हो. फुकट्या माणसाचं तोंड सगळ्यांत साळसूद असतं. हात बघावेत. ज्याच्याकडं तिकीट नाही त्याला आपल्या हातांचं काय करावं तेच कळत नाही. घडीत खिशात, घडीत दांड्यावर, घडीत डोकं खाजवायला. मी लांबनं हात बघूनच त्याच्यापाशी जाऊन उभी राहायची.

आणि स्वतःहून खरं बोलणाऱ्या माणसाचा मला जास्तच संशय. त्याला कारण आहे. कराडच्या गाडीला एक टोपीवाला म्हातारा यायचा, बरोबर एक पोतं. गाडीत चढला की पहिलं वाक्य, "बाई, माझ्या पोत्याचं लगेज फाडा." बाकीचे लोक लगेज चुकवायला पोती सीटखाली कोंबायचे, आणि हा बिचारा स्वतःहून पैसे द्यायचा. मी सगळ्या डेपोत त्याचं नाव काढायची. एक दिवस पोलिसांनी गाडी थांबवली आणि ते पोतं उघडलं, तर आत चंदनाचे तुकडे. इतके दिवस मीच त्याचं लगेज फाडून त्याला सोडत होते. इतक्या सरळ माणसाचं पोतं कोण उघडतंय? तेव्हापासून कानाला खडा.

त्यामुळं कॉलिननं हात वर केला तेव्हा सगळ्यांनी त्याचा खरेपणा बघितला आणि मी म्हटलं, ह्याच्या पोत्यात काय आहे?

आता हा कॉलिन कोण? तर माझ्या मुलीनं लग्नासाठी पसंत केलेला माणूस. वृषाली कॅनडाला फिजिओथेरपी शिकायला गेली, तिथंच एका लहान गावात तिला दवाखान्यात नोकरी लागली. गाव सपाट, आमच्या माळासारखंच, फक्त माळावर निदान बाभळी तरी असतात. इथं जिकडं बघावं तिकडं पांढरं. त्या गावात हिवाळ्यात करण्यासारखी एकच गोष्ट, कर्लिंग. वृषाली शाळेत खो-खोला जिल्ह्यात गाजलेली. अंगात पळ होताच. ती त्या खेळात शिरली, आणि तिथंच तिला हा कॉलिन भेटला. ट्रॅक्टर दुरुस्तीचं त्याचं गॅरेज. उंच, लालसर दाढी, बोलायला कमी.

वृषालीनं फोनवर मला सांगितलं होतं, "आई, तू ये. त्याला बघ, मग सांग. तू नाही म्हणालीस तर मी पुढं पाऊल टाकणार नाही." ती शब्दाची पक्की आहे हे मला माहीत होतं, म्हणून तर जबाबदारीनं माझी झोप उडाली. माझ्या भावाच्या अरुणाला मस्कतचा मुलगा बघितला होता. आम्ही सगळ्यांनीच बघितला होता, मी सुद्धा. देखणा, नम्र, येता-जाता पाया पडणारा. तिकडं गेल्यावर पोरीला कळलं, घरात आधीचीच एक बाई आहे. अरुणा परत आली ती बोलायचीच बंद झाली. तेव्हा मीच भावाला म्हटलं होतं, माणूस चांगला आहे, कर होकार. हे माझ्या छातीवर कायमचं बसलंय.

विमानतळावर कॉलिन वाकून माझ्या पाया पडला आणि "आई" म्हणाला. मी म्हटलं, "काकू म्हण. आई व्हायला अवकाश आहे." वृषालीनं त्याला त्यातलं अर्धंच सांगितलं असावं, कारण तो हसला.

तर हा खेळ असा असतो. बर्फाची लांबच्या लांब पट्टी. पलीकडच्या टोकाला रंगीत वर्तुळं काढलेली. अलीकडनं एकानं जड दगड सोडायचा. दगडाला वर मूठ असते, आपल्या जात्याच्या खुंट्यासारखी. दगड सुटला की त्याच्यापुढं दोघांनी झाडू घेऊन बर्फ घासत पळायचं. घासलं की दगड लांब जातो आणि सरळ जातो. शेवटी वर्तुळाच्या मध्याला ज्याचा दगड जास्त जवळ, त्याचे गुण. माझ्या मुलीला एवढं शिकवून मी कॅनडाला पाठवली आणि ती तिथं झाडू मारतेय, हे मी विट्यात कुणाला सांगितलं नाही.

त्या आठवड्यात तिथं मोठी स्पर्धा होती. नावाजलेले संघ, पुरुषांचे वेगळे, बायकांचे वेगळे, एकाच छपराखाली. वृषाली खरं तर त्या संघातली नव्हे. त्यांच्या एकीला दिवस गेले होते म्हणून तिच्या जागी हिला घेतलेली. कप्तान बाईनं सांगितलं होतं, ही स्पर्धा जिंकलो तर तुझी जागा पक्की. लेकीला ती जागा किती पाहिजे होती ते मला तिच्या नखांवरनं कळायचं. सगळी कुरतडलेली.

कॉलिन हरला त्या संध्याकाळी आम्ही वरच्या हॉलमध्ये बसलो. तिथं खाण्यापिण्याचं दुकान, टेबलं, आणि खाली बर्फ दिसेल अशी मोठी काच. मी बघते तर काय, हा बाबा ज्यांच्याकडनं हरला त्यांच्याच टेबलावर बसलाय, खिदळतोय, आणि त्यांनीच आणून दिलेली बिअर पितोय. हरलेल्या माणसाचं तोंड असं असतं का? आमच्याकडं कबड्डीत हरलेली पोरं आठवडाभर गल्ली बदलून जातात. मी वृषालीला हळूच विचारलं, "ह्याला कुणी विकत तर घेतला नाही ना?"

ती एवढी हसली की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून बघितलं. मग तिनं मला समजावलं. इथली रीतच अशी. खेळ संपला की दोन्ही संघ एका टेबलावर बसतात आणि जिंकलेल्यानं हरलेल्याला पाजायचं असतं. आणि झाडूचं म्हणशील तर इथं त्यासाठी पंच बघत बसत नाही. ज्याचा लागला त्यानं सांगायचं. समोरचा विचारत नाही, जोडीदार सांगत नाही. "एवढ्यावर हा खेळ चालतो आई," ती म्हणाली, आणि हे सांगताना तिची मान ताठ झाली होती. मला तिचं कौतुक वाटलं, पण कॉलिनबद्दलचं माझं मत काही हललं नाही. कराडच्या म्हाताऱ्याचीही रीत फार चांगली होती.

आणि संशयाला जागाही तशीच मिळाली. पाणी आणायला मी उठले तर जिन्याखाली कॉलिन एका बाईशी कुजबुजत होता. लाल जॅकेट, पांढरे होत आलेले केस, पण अंगानं काटक. त्यानं पिशवीतनं काहीतरी काढून तिच्या हातात दिलं आणि दोघं इकडंतिकडं बघून हसली. ती बाई कोण, तर मार्लीन. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात वृषालीच्या संघाची गाठ ज्यांच्याशी होती त्या संघाची कप्तान. मी वृषालीला सांगितलं, तर म्हणे, "अगं, ती त्याच्याच गावची आहे." जणू त्यानं संशय कमी होतो.

मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. शाल सावरली आणि मार्लीनच्या टेबलाजवळनं दोनदा गेले. दुसऱ्या फेरीला मला दिसलं. टेबलाच्या मधोमध कागदावर भडंग पसरलं होतं. माझं भडंग. लसूण घालून, शेंगदाणे भाजून, विट्यात माझ्या हातानं केलेलं, बॅगेत कपडे काढून ज्याला जागा केली ते भडंग हा माणूस उद्या माझ्या पोरीच्या विरुद्ध खेळणाऱ्या बायकांना वाटत होता. त्या खात होत्या आणि तिखटानं हुश्शहुश्श करत होत्या. मार्लीननं मला बघितलं आणि उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. काय बोलली ते मला नीट कळलं नाही. मी हात सोडवून घेतला.

कॉलिनला मी तिथंच गाठलं. माझं इंग्रजी तिकिटापुरतं, पण रागात बरं येतं. विचारलं, ही तुझी कोण? तो गडबडला. मग सावकाश, मला समजेल असं एकेक वाक्य बोलला. लहानपणी मार्लीननंच त्याच्या हातात पहिला झाडू दिला होता. त्याची आई लवकर गेली. वृषालीच्या आईनं केलेलं खाणं पहिल्यांदा तिला चाखायला द्यावं असं त्याला वाटलं. त्याचे हात मी बघत होते. ते जागचे हलले नाहीत. पण चंदनवाल्याचेही नव्हते हलले. मी म्हटलं, बघू.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंतिम सामना. बाहेर ऊन पडलं होतं, बर्फावरनं ते असं डोळ्यांत घुसायचं की आत आल्यावर काही वेळ अंधारच. कॉलिन माझ्या शेजारी बसला. मांडीवर थर्मास, दर थोड्या वेळानं मला चहा ओतून द्यायचा. मला तो चहा आवडायचा नाही पण हात शेकायला बरा होता. सामना तो मला समजावून सांगत होता आणि मी ऐकल्यासारखं करत होते. मी दगड बघतच नव्हते. मला काय दगडाशी देणंघेणं? मी माझी पोरगी बघत होते, आणि मधनंमधनं हा माझी पोरगी बघतोय का मार्लीन, ते बघत होते.

शेवटपर्यंत बरोबरी. शेवटचा दगड आमच्या संघाचा. मार्लीनचा दगड मध्याच्या अगदी जवळ बसला होता, त्याच्याही आत आपला गेला तर जिंकलो, नाहीतर गेलं सगळं. कॉलिननं थर्मास खाली ठेवला. कप्तान बाई पलीकडच्या टोकाला वर्तुळात उभी राहून ओरडत होती. दगड सुटला. वृषाली आणि तिची जोडीदारीण पुढं पळायला लागल्या. दोघींचे झाडू असे चालले होते की माझ्याच दंडांना कळ लागली. दगड मंद होत होता. वृषाली आणखी वाकली, आणखी जवळ आली, आणि तिचा झाडू दगडाच्या कडेला टेकला.

नुसता टेकला. सुईच्या टोकाएवढा. दगड थबकला नाही, वळला नाही. जोडीदारीण पुढं बघत होती. कप्तान लांब होती. मार्लीन दगडाच्या वाटेकडं बघत होती. माझी नजर तिच्या मनगटांवर होती म्हणून मला दिसलं. मनगट क्षणभर थांबलं. तिनं मान वर करून एकदा इकडं, एकदा तिकडं बघितलं.

ती नजर मला ओळखीची होती. तपासणी पथक गाडीत चढलं की फुकट्याची नजर अशीच जाते, एकदा पुढच्या दाराकडं, एकदा मागच्या.

मग तिनं मान खाली घातली आणि परत घासायला लागली. दगड हळूहळू गेला आणि मार्लीनच्या दगडाच्या आत, अगदी मध्यावर जाऊन थांबला. सगळं छप्पर दणाणलं. त्या चौघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. माझी वृषाली त्या घोळक्यात मधोमध, तिला कुणीतरी उचललं होतं.

मी शेजारी बघितलं. कॉलिन टाळ्या वाजवत होता. पण बाकीचे वाजवायला लागले त्यानंतर बऱ्याच वेळानं त्यानं हात उचलले होते.

मला त्या घडीला काय वाटलं ते सरळ सांगते. आधी वाटलं, कुणी बघितलं नाही, देवाची कृपा. मग स्वतःचीच लाज वाटली. आणि मग भीती वाटली, की ह्यानं बघितलं का? बघितलं असेल तर हा गप्प का? उद्या हेच हत्यार करून ठेवायचं म्हणून? बघा, तेव्हासुद्धा माझा संशय त्याच्याकडंच धावला. चोर घरात असला तरी कुत्रं वाटसरावरच भुंकतं.

वर हॉलमध्ये गर्दी झाली होती. रीतीप्रमाणं दोन्ही संघ एका लांब टेबलावर बसले. वृषालीनं स्वतः जाऊन मार्लीनसाठी ग्लास आणला आणि तिच्यापुढं ठेवला. मार्लीननं तिच्या पाठीवर थाप मारली. वृषाली हसली, पण बसली नाही, तशीच माझ्याकडं आली. मी कोट टांगायच्या खुंट्यांपाशी उभी होते. तिचे गाल लाल झाले होते, गळ्यात पदक होतं.

"आई," ती म्हणाली, "जागा पक्की झाली माझी. आता तू सांग. आज सगळं एकदमच होऊन जाऊ दे. कॉलिनला हो सांगू का नाही?"

"मी इथं त्याचं तिकीट तपासायला आले होते," मी म्हटलं. "तुझं आहे का?"

"कसलं तिकीट?"

"मी दगड बघत नव्हते, वृषे. तुझे हात बघत होते."

तिच्या तोंडावरचा रंग गेला. काही वेळ ती पदकाशी चाळा करत राहिली. मग एकदम बोलायला लागली, हळू आवाजात पण धबाधबा. नुसता टेकला होता. त्यानं दगडात काहीही फरक पडला नाही. आता सामना संपला, हात मिळवले, निकाल बदलत नाही. सांगून कुणाचं भलं होणार? इतकी वर्षं ती इथं आहे आणि अजून लोक तिला विचारतात, तू परत कधी जाणार. पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, ही आमची.

"कॉलिननं काल हात वर केला होता," मी म्हटलं.

"त्याला परवडतं, आई. तो इथला आहे. त्यानं हात वर केला की लोक म्हणतात, वा, काय माणूस आहे. मी केला असता तर म्हणाले असते, हिला घेतली तिथंच चुकलं."

खोटं बोलत नव्हती ती. वाहकाची बॅग गळ्यात अडकवून मी पहिल्यांदा गाडीत चढले तेव्हा लोकांनी माझ्याकडं कसं बघितलं होतं ते मला ठाऊक होतं. माझा हिशोब चुकला की बाईमाणूस म्हणून चुकायचा, पुरुषाचा चुकला की नुसताच चुकायचा.

मी एवढंच म्हटलं, "तू आठवीत असताना तुझा पास संपला होता. माझ्याच गाडीत होतीस. आठवतंय?"

"तू माझं तिकीट फाडलंस."

"तू रडलीस."

"सगळ्या मैत्रिणींसमोर फाडलंस आई. रडणार नाही तर काय करणार?" तिचे डोळे भरून आले होते. "काय करू म्हणतेस मी?"

"मी काही म्हणत नाही. तूच मला सांगितलंस, ज्याचा लागला त्यानं सांगायचं. दुसऱ्यानं नाही."

मी तिला तिथंच सोडून आले. काचेजवळच्या टेबलावर कॉलिन एकटाच बसला होता, समोर माझा भडंगाचा डबा. मी त्याच्यासमोर बसले आणि सरळ विचारलं, "तू बघितलंस?"

त्यानं डब्याचं झाकण काढलं, परत लावलं. पहिल्यांदाच त्याच्या हातांना काय करावं ते कळत नव्हतं. मग इंग्रजीत सावकाश म्हणाला, काकू, ते तिचं आहे. मी बोलू शकत नाही.

"आणि ती बोललीच नाही तर?"

तो नुसता तिच्याकडं बघत राहिला. मला तेव्हा कळलं की हा माणूस इतका वेळ माझ्याशेजारी बसून तेच भोगत होता जे मी भोगत होते, आणि मी त्याचे खिसे तपासत होते.

वृषाली खुंट्यांपाशी बराच वेळ उभी होती. मला वाटलं कोट घालून बाहेर पडते. तिनं कोटाला हातही लावला. मग वळली आणि लांब टेबलाकडं गेली. तिच्या संघातल्या बायकांनी तिला बसायला जागा केली, ती बसली नाही. मार्लीनच्या खुर्चीपाशी गेली आणि बोलायला लागली. आम्हाला ऐकू येत नव्हतं. फक्त दिसत होतं की टेबलावरचं हसणं एकेकीनं थांबत गेलं. कप्तान बाईनं हातातला ग्लास खाली ठेवला. वृषालीनं गळ्यातलं पदक काढलं आणि टेबलावर ठेवलं, आणि हात खाली सोडून उभी राहिली. खिशात नाही, केसांत नाही. नुसते खाली सोडलेले.

त्या संघानं तिला पुढं ठेवलं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. नाहीतर तुम्हाला वाटेल, खरं बोललं की सगळं गोड होतं. कप्तान बाई त्यानंतर तिच्याशी कधी नीट बोलली नाही. पुढं गावच्या क्लबात ती खेळत राहिली, आजही खेळते, पण तसल्या स्पर्धेत तिला कुणी बोलावलं नाही. निकाल होता तोच राहिला.

पण त्या दुपारी जे झालं ते असं. मार्लीन बसून राहिली. समोरचा ग्लास, वृषालीनं आणलेला, तिनं हातानं बाजूला सारला. कॉलिननं टेबलाची कड धरली होती. मग मार्लीन उठली. मला वाटलं आता ही पोरीला काहीतरी बोलणार, चारचौघांत. ती वृषालीला ओलांडून पुढं निघाली, दुकानापाशी गेली, पैसे दिले, एक भरलेला ग्लास घेऊन परत आली. तो वृषालीच्या पुढं ठेवला, आणि शेजारची खुर्ची ओढून तिला खांद्याला धरून बसवलं.

जिंकलेल्यानं हरलेल्याला पाजायचं असतं. एवढं मला कळत होतं. कॉलिनला ते मला भाषांतर करून सांगावं लागलं नाही.

वृषालीनं ग्लासशेजारी टेबलावर डोकं टेकलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. मार्लीन तिच्या पाठीवरनं हात फिरवत होती. मी उठले नाही. ते रडणं माझ्यासमोर करायचं नव्हतं तिला.

मी डबा कॉलिनच्या पुढं सरकवला. माझ्या मनात अरुणा होती. मस्कतच्या त्या माणसाला आम्ही सगळ्यांनी तपासला होता, आमची पोरगी कशी आहे ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही विचारलं नव्हतं. म्हटलं, आता जे काय ते उघड्यावर होऊ दे.

"माझ्याकडनं हो आहे," मी त्याला म्हटलं. "पण आता तू सांग. सगळं बघितलंस. पोरगी पसंत आहे का अजून?"

मराठीतच बोलले मी, पण त्याला समजलं. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग वळून वृषालीकडं. तिचं नाक लाल झालं होतं, केस विस्कटले होते, मार्लीन तिला रुमाल देत होती. तो बघत राहिला. इतका वेळ बघत राहिला की मला चुळबुळायला झालं.

"हो, काकू," तो म्हणाला.

पटकन म्हणाला असता ना, तर मी परत संशय घेतला असता.